भूकंपाचं भाकीत आलंय? आधी वही काढा: दावा तपासायची पायरीवार पद्धत

भूकंपाच्या भाकिताचा व्हिडिओ आला की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "सांगणारा कोण?" तो शास्त्रज्ञ असेल तर खरं, नसेल तर थाप. काही जण गप्प बसतात आणि भूकंप झाल्यावर विचारतात, "लागलं ना पण?" दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत, फक्त क्रम चुकतो. माणूस आधी पाहिला की आपण पदवीवर भाळतो किंवा पदवी नसल्यावर हसतो. निकाल आधी पाहिला की दावा काय होता ते आठवणीतून जुळवून घेतो. मग डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर सगळेच फसतात.

खालचा क्रम मोडू नका. पहिले तीन टप्पे मुदत संपायच्या आत करायचे असतात. भूकंप झाल्यावर केले तर त्यांना काही अर्थ नाही.

## तयारी

एक वही, पेन आणि अर्धा तास. फोनमधली नोट चालेल, पण वही बरी. नोटेत मागाहून बदल करता येतो आणि आपण तो नकळत करतोही.

दोन ठिकाणं फोनवर उघडून ठेवा. एक, आपल्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं संकेतस्थळ किंवा ॲप. भारतातल्या आणि शेजारच्या धक्क्यांची नोंद तिथे लगेच येते. दुसरं, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची भूकंप-सूची. तीत जगभरातले गेल्या कित्येक दशकांतले भूकंप तारीख, ठिकाण आणि तीव्रता लावून शोधता येतात. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही.

सावध: अमेरिकी सूचीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असू शकते. आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. ३० जुलै २०२५ चा रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाट्काचा ८.८ चा भूकंप जागतिक वेळेनुसार २९ जुलैच्या रात्रीचा आहे. तारखेवरून वाद घालणाऱ्याला एवढा एक दिवस पुरतो.

## टप्पा १: दावा मूळ शब्दांत उतरवून घ्या

फॉरवर्ड होऊन आलेला मजकूर म्हणजे दावा नव्हे. तो दाव्याचा नातू असतो. मूळ व्हिडिओ, ट्वीट किंवा लेख शोधा आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. सोबत लिहा: कधी प्रसिद्ध झालं, कुठे, मला कधी मिळालं.

फ्रँक हूगरबीट्स या डच गृहस्थांचं उदाहरण घेऊ. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तान-सीरियात ७.८ चा भूकंप झाला, दुपारी त्याच पट्ट्यात ७.५ चा दुसरा. पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. दोनच दिवसांत आपल्या वाहिन्यांवर फिरू लागलं की या माणसाने तीन दिवस आधी अचूक सांगितलं होतं. त्यांचं ३ फेब्रुवारीचं ट्वीट खरंच आहे. पण त्यातलं वाक्य असं: आज ना उद्या या प्रदेशात (दक्षिण-मध्य तुर्कस्तान, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन) सुमारे ७.५ तीव्रतेचा भूकंप होईल. "तीन दिवसांत" हे त्यांचे शब्द नाहीत. ते आपण नंतर घातले.

तपासा: मूळ वाक्य सापडलं नाही तर तिथेच थांबा. "नासाने सांगितलं आहे" असं लिहून ज्याला दुवा नाही, त्यावर अर्धा तास घालवू नका. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर असे संदेश उत्तर भारतभर फिरले आणि लोकांनी रात्री मैदानात काढल्या. भूकंपाचा दिवस सांगणं हे नासाचं कामच नाही.

आणि एक झटपट चाळणी. संदेशात "१२ रिश्टर" वगैरे लिहिलं असेल तर वही मिटा. यंत्रांनी मोजलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप १९६० चा चिलीचा, ९.५ चा.

## टप्पा २: चार रकाने भरा

पानावर चार रकाने आखा: कधी, कुठे, केवढा, किती शक्यता. भाकीत म्हणवून घ्यायचं तर चारही भरलेले हवेत आणि प्रत्येकाला कड हवी. "कधी" म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. "कुठे" म्हणजे नकाशावर पेन्सिलीने घेर काढता येईल असं. "केवढा" म्हणजे अमुक ते तमुक तीव्रता. "शक्यता" म्हणजे शंभरातली किती.

हूगरबीट्स यांचं ट्वीट भरून पाहा. कधी: "आज ना उद्या", म्हणजे रिकामा. कुठे: चार देश. केवढा: सुमारे ७.५, "सुमारे" म्हणजे किती ते नाही. शक्यता: रिकामा. आता याच रकान्यांत "आज ना उद्या महाराष्ट्रात जोराचा पाऊस पडेल" हे वाक्य भरा. तितकंच बसतं.

सावध: रिकामा रकाना तुम्ही भरू नका. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. वाचणारा भल्या मनाने म्हणतो, "त्यांना हिमालय म्हणायचं असणार", "आठवडा म्हणजे दहा दिवस धरू". ते काम दावा करणाऱ्याचं. त्याने केलं नसेल तर "कड नाही" असं लिहा आणि पुढे चला.

सावध: तीव्रतेची कड फार बारीक असेल, म्हणजे "बरोबर ६.३", तर तेही संशयास्पदच. एकाच भूकंपाला दोन संस्था वेगवेगळे आकडे देतात आणि आकडा नंतर बदलतो. कामचाट्काच्या वेळी पहिली बातमी ८.० ची होती, मग ८.७, शेवटी ८.८. तीव्रतेत एका अंकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट वाढ. त्यामुळे "६ ते ८ च्या मध्ये" ही कड ऐकायला छोटी आणि प्रत्यक्षात अवाढव्य असते.

## टप्पा ३: नुसत्या नशिबाने किती वेळा लागलं असतं?

हा टप्पा कोणी करत नाही आणि सगळी मेख इथेच आहे. कंटाळा आला तर बाकीचे गाळा, हा गाळू नका.

जगात दरवर्षी सरासरी किती भूकंप होतात ते आधी वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा, कायम लागतं:

- ८ आणि त्याहून मोठे: १ च्या आसपास
- ७ ते ७.९: १५ च्या आसपास
- ६ ते ६.९: १३० च्या आसपास
- ५ ते ५.९: हजाराहून जास्त
- ४ ते ४.९: दहा हजारांहून जास्त

आता एक नेहमीचा दावा घ्या: "येत्या आठवड्यात जगात कुठेतरी ६ च्या वरचा भूकंप होईल." वर्षाला साधारण १४५, आठवडे ५२, म्हणजे आठवड्याला सरासरी २.८. सरासरीवरून शक्यता काढायला हे कोष्टक पुरतं:

- सरासरी ०.१ असेल तर किमान एक होण्याची शक्यता १० टक्के
- ०.५ असेल तर ३९ टक्के
- १ असेल तर ६३ टक्के
- २ असेल तर ८६ टक्के
- ३ असेल तर ९५ टक्के

म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी शंभरातल्या नव्वदाहून जास्त आठवड्यांत हे "लागतं". जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के पॅसिफिक महासागराच्या कडेने होतात. तेव्हा "पॅसिफिकच्या पट्ट्यात" असं जोडून दावा नेमका केल्याचा आव आणला तरी शक्यता फारशी उतरत नाही.

दावा एखाद्या प्रदेशापुरता असेल तर सूचीत असं करा:

१. दाव्यातली सर्वांत कमी तीव्रता टाका. भारताच्या आसपास ५ च्या खाली जाऊ नका. जुन्या वर्षांतले छोटे धक्के सूचीत पूर्ण नसतात आणि सरासरी चुकते.

२. मुदत गेल्या ३० वर्षांची टाका. दोन-तीन वर्षं घेतली आणि त्यात एखादा मोठा भूकंप आला, तर त्याच्या मागच्या धक्क्यांनी आकडा फुगतो.

३. नकाशावर दाव्यातला प्रदेश चौकटीत धरा. "अफगाणिस्तानपासून हिंदी महासागरापर्यंत" म्हटलं असेल तर तेवढी चौकट. आपण लहान करायची नाही.

४. आलेल्या संख्येला ३० ने भागा, दाव्याच्या दिवसांनी गुणा, ३६५ ने भागा. ही झाली सरासरी. वरच्या कोष्टकात पाहा आणि चार रकान्यांशेजारी पाचवा आखून त्यात शक्यतेचा आकडा लिहा.

माझी पट्टी अशी: नशिबाची शक्यता ३० टक्क्यांच्या वर असेल तर भाकीत लागलं तरी त्याला काडीची किंमत नाही. १ टक्का असेल आणि लागलं, तर कान टवकारायचे. सिद्ध झालं असं मात्र म्हणायचं नाही, कारण अशी शंभर भाकितं केली तर एखादं नशिबाने लागायची शक्यताच जास्त.

सावध: भूकंप एकसारखे पसरलेले नसतात, घोळक्याने येतात. कोयनेचंच घ्या. १९६० च्या दशकात धरणात पाणी साठू लागल्यापासून तिथे ४ आणि त्याहून मोठे दोनशेच्या वर धक्के झाले आहेत, ५ आणि त्यावरचे वीसच्या वर. पण दरवर्षी ठरावीक मापाने नाही. पावसाळ्यात धरण भरलं की पुढच्या महिन्यांत हालचाल वाढते, हे भूकंपशास्त्रज्ञांनी कधीच दाखवून दिलं आहे. ऑगस्टमध्ये कोणी म्हणालं, "दिवाळीपर्यंत कोयनेत धक्के बसणार," तर तो द्रष्टा नाही. त्याने धरणाची पातळी वाचली.

## टप्पा ४: लागलेलं एक नव्हे, केलेली सगळी मोजा

दावा करणाऱ्याच्या खात्यावर मागे जा. किमान सहा महिने. प्रत्येक इशारा वहीत, एक ओळ एक इशारा. चार रकाने ज्यांचे भरत नाहीत ते वेगळे. भरतात त्यांच्यापुढे निकाल: लागलं, चुकलं. शिवाय एक उलटी नोंदही करा. त्याच काळात जगात ७ च्या वरचे कोणते भूकंप झाले, आणि त्यांतले किती त्याने सांगितलेच नव्हते? न सांगितलेल्यांचा रकाना कोणी कधी दाखवत नाही.

इटलीतल्या लाक्विला शहरात ६ एप्रिल २००९ ला ६.३ चा भूकंप झाला, ३०९ माणसं दगावली. जमिनीतून येणारा रेडॉन वायू मोजणाऱ्या जंपाओलो जुलियानी या तंत्रज्ञाने आधीच इशारा दिला होता, असं तेव्हापासून सांगितलं जातं. मात्र मार्चअखेरचा त्याचा इशारा सुल्मोना या दुसऱ्या गावाबद्दल होता. तिथे त्या वेळी मोठा भूकंप झाला नाही. त्या इशाऱ्यावरून सुल्मोनातल्या लोकांना हलवलं असतं आणि लाक्विलात नेऊन ठेवलं असतं तर काय झालं असतं, एवढा विचार करून पाहा.

तपासा: "आधीचंही खरं ठरलं होतं" या ख्यातीचा पुरावा मागा. अमेरिकेत आयबेन ब्राउनिंग या गृहस्थाने भरतीच्या ओढीवरून ३ डिसेंबर १९९० च्या आसपास मिसिसिपी खोऱ्यात मोठ्या भूकंपाची भीती घातली. शाळा बंद राहिल्या, वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या, जमीन हलली नाही. १९८९ चा सॅन फ्रान्सिस्कोजवळचा भूकंप त्याने सांगितला होता, या ख्यातीवर हे सगळं चाललं होतं. शास्त्रज्ञांनी त्या आधीच्या भाषणाचा मजकूर तपासला तेव्हा जगभर काही भूकंप होतील, एवढंच त्यात निघालं.

## टप्पा ५: मुदत संपली की त्याच दिवशी निकाल लिहा

इथे घरचं उदाहरण देतो. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त योकोहामात असतो. जपानमधल्या एका चित्रकथेच्या नव्या आवृत्तीत "जुलै २०२५ मध्ये महासंकट" असं छापलं होतं आणि लोकांनी ५ जुलै ही तारीख धरली. हाँगकाँगहून जपानला जाणारी काही विमानं प्रवाशांअभावी रद्द झाली. मावशीने त्याला रोज फोन करून भंडावलं: "चार दिवस रजा टाक आणि कराडला ये." भूकंपापासून वाचायला योकोहामातून कराडला! कोयना तिथून किती लांब, हे मावशीला सांगायची कोणाची छाती झाली नाही. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे ती स्वतः परकर-पोलक्यात अंगणात धावली होती.

जूनच्या अखेरीपासून जपानच्या दक्षिणेला तोकारा बेटांवर हजाराहून जास्त धक्के बसले. मावशी म्हणाली, "बघ." तोकारात असे घोळके आधीच्या वर्षांतही येऊन गेलेत. ५ जुलै उजाडला आणि मावळला. मी वहीत लिहिलं: "झालं नाही." मग ३० जुलैला कामचाट्कात ८.८ चा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्यावरही त्सुनामीचा इशारा लागला आणि सकाळी सकाळी मावशीचा फोन: "आला की नाही जुलैतच?"

वही नसती तर मीही गोंधळलो असतो. पानावर होतं: कुठे, जपान आणि फिलिपिन्सच्या मधला समुद्र. कामचाट्का जपानच्या उत्तरेला, टोकियोपासून दोन हजार किलोमीटरहून लांब. केवढा: २०११ च्या त्सुनामीच्या तिप्पट उंच लाटा. जपानच्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात मोजली गेलेली सर्वांत मोठी लाट दीड मीटरहून कमी. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढायचा हा प्रकार.

सावध: मुदत उलटल्यावर येणारी ही वाक्यं ओळखून ठेवा: "ऊर्जा दुसरीकडे बाहेर पडली", "धोका पुढे ढकलला गेला", "प्रार्थनेमुळे टळलं", "सरकारने दाबलं". यांतलं एकही वाक्य मूळ दाव्यात नसेल, तर निकाल "चुकलं" असाच.

## टप्पा ६: कारण म्हणून काय दिलंय ते पाहा

आता, आकडे झाल्यावर, शास्त्राकडे वळा. दाव्यामागे बहुधा यांतलं एखादं असतं: ग्रहांची रेषा, चंद्र, विचित्र ढग, प्राण्यांचं वागणं, रेडॉन, कुठलं तरी अमेरिकी यंत्र.

ग्रहांचं लवकर उरकतं. शुक्र किंवा गुरू पृथ्वीच्या कवचाला जो ताण देतात तो चंद्राच्या ताणापेक्षा हजारो पटींनी कमी. चंद्राबद्दल मात्र थोडं सांभाळून बोलावं लागतं, कारण भरतीचा ताण खरा आहे आणि मोठ्या भूकंपांवर त्याचा किंचित परिणाम दिसतो असं काही गंभीर संशोधन सांगतं. किंचितच, त्यावरून तारीख काढता येत नाही.

लोक म्हणतात, "किल्लारीचा भूकंप पौर्णिमेला झाला." खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती ती पहाट. भूज, २६ जानेवारी २००१, अमावास्येनंतर दोन दिवसांनी. "बघा!" आता पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही धरल्या आणि दोहोंच्या मागेपुढे तीन-तीन दिवस धरले, तर महिन्यातले किती दिवस झाले? चौदा. जवळजवळ अर्धा महिना. नाणं उडवल्यासारखंच. आणि कोयनेचा १९६७ चा? शुद्ध पक्षाच्या मधल्या तिथीचा, ना पौर्णिमा ना अमावास्या. तो या यादीत कधी येत नाही.

प्राणी, ढग आणि रेडॉन यांच्यासाठी एक चौकोन काढा, चार घरांचा: खूण दिसली आणि भूकंप झाला; खूण दिसली पण झाला नाही; खूण नव्हती तरी झाला; दोन्ही नाही. आपल्याला फक्त पहिलं घर आठवतं. "त्या रात्री कुत्री रडत होती" हे चाळीस वर्षं सांगितलं जातं. कुत्री रडली आणि काहीच झालं नाही अशा रात्री कोण मोजतं? धक्क्याच्या काही सेकंद आधी जनावरं बिचकतात यात नवल नाही. भूकंपाची पहिली, वेगवान, हलकी लाट आपल्याला जाणवायच्या आत त्यांना जाणवू शकते. पण तो भूकंप सुरू झालेला असतो, भाकीत नव्हे.

## टप्पा ७: आता माणूस पाहा

इथे, शेवटी. तो कोण, काय विकतो (ॲप, वर्गणी, ताईत), त्याची पद्धत दुसऱ्याला करून पाहता येते का, चूक झाली तर कबूल करतो का. पदवीला कमी वजन द्या. पार्कफील्डची गोष्ट ध्यानात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या या गावाजवळ ठरावीक अंतराने ६ च्या आसपासचे भूकंप होत आले होते. त्यावरून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८५ मध्ये सांगितलं की पुढचा १९९३ च्या आत होईल, शक्यता ९५ टक्के. झाला २८ सप्टेंबर २००४ ला. खऱ्या शास्त्रज्ञांचंही चुकलं, पण त्यांनी चारही रकाने आधी भरून जाहीर केले होते आणि चुकल्यावर तसं छापलं. विज्ञान आणि थाप यांतला फरक मला तरी इथेच दिसतो, बरोबर येण्यात नाही.

## टप्पा ८: खरं विज्ञान थाप समजून फेकू नका

ही उलटी चूक. शहाणी माणसं जास्त करतात. तीन गोष्टी भाकितासारख्या दिसतात, पण वेगळ्या आहेत.

दीर्घ मुदतीचा अंदाज. सॅन फ्रान्सिस्को परिसरात २०१४ पासून तीस वर्षांत ६.७ किंवा मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. चारही रकाने भरलेले आहेत. तारीख नाही, कारण तारीख सांगता येत नाही. असे अंदाज घर बांधण्यासाठी असतात, पळण्यासाठी नाही. हेही पूर्ण मानू नका: किल्लारीचा भाग १९९३ पर्यंत देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मोठ्या भूकंपानंतरच्या धक्क्यांचा अंदाज. दिवसागणिक ते कसे विरळ होत जातात याचा नियम जपानच्या ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडला. "पुढच्या आठवड्यात ५ च्या वरचे धक्के बसू शकतात" असं अधिकृत संस्था म्हणाली तर ते घ्या.

पूर्वसूचना. भूकंप सुरू झाल्यावर पहिली वेगवान लाट यंत्राला लागते आणि मागून येणाऱ्या जोरदार लाटेच्या आधी इशारा पोचतो. काही सेकंद, फार तर मिनिटभर. जपानमध्ये ही व्यवस्था २००७ पासून सर्वांसाठी आहे. उत्तराखंडात आयआयटी रुरकीच्या मदतीने असं ॲप आहे, आणि अँड्रॉइड फोनवरही भारतात २०२३ पासून अशी सूचना येऊ शकते. फोन असा ओरडला तर ही वही विसरा आणि टेबलाखाली जा.

## टप्पा ९: जमीन खरोखर हलत असेल तेव्हा

सगळ्यात अवघड प्रसंग. गावात महिनाभर गडगडाट होतोय, भांडी वाजतायत, आणि तेवढ्यात संदेश येतो: "मोठा येतोय."

दोन गावं शेजारी ठेवून पाहा. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात छोटे धक्के बसले, मग शांत झालं. पुढच्या सप्टेंबरात ६.२ चा भूकंप आला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले, लोक तंबूत झोपले, पण मोठा भूकंप झाला नाही. खूण तीच, निकाल दोन. तेव्हा घोळका पाहून "येणारच" म्हणणारा आणि "काही होत नाही" म्हणणारा, दोघांनाही तेच चार रकाने भरायला सांगा.

"काही होत नाही" म्हणणाऱ्याची थाप जास्त जीवघेणी असू शकते. लाक्विलात भूकंपाआधी आठवडाभर अधिकाऱ्यांकडून लोकांना धीर दिला गेला होता. नंतर सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्यावर खटला चालला. २०१२ मध्ये सगळे दोषी ठरले, २०१४ मध्ये शास्त्रज्ञ अपिलात सुटले. बातम्यांत आलं, "भूकंप सांगितला नाही म्हणून शिक्षा." खटल्यातला आरोप तो नव्हता. धोक्याचं नीट मूल्यमापन केलं नाही आणि लोकांना खोटा दिलासा मिळाला, असा होता.

धक्के चालू असताना करायचं ते तारखेवर अवलंबून नसतं. पलंग भिंतीपासून आणि माळ्याखालून हलवा. कपाट भिंतीला ठोका. दगड-मातीचं घर असेल तर अनुभवी माणसाकडून भिंती दाखवून घ्या. गॅसचा कॉक कुठे आहे ते मुलांना माहीत असू द्या.

## टप्पा १०: कुटुंबाच्या ग्रुपवर काय लिहायचं

"अंधश्रद्धा पसरवू नका" असं लिहिलंत की काका दुखावतात आणि पुढचे संदेश तुम्हाला न दाखवता पाठवतात. त्यापेक्षा वहीतलंच द्या:

"काका, मूळ व्हिडिओ पाहिला. त्यात तारीख दिलेली नाही आणि जागा अफगाणिस्तानपासून समुद्रापर्यंत सांगितली आहे. एवढ्या जागेत असा भूकंप दरवर्षी किती वेळा होतो ते मोजलंय, फोटो जोडतोय. मी तारीख वहीत लिहून ठेवली आहे, मुदत संपल्यावर इथेच कळवतो."

आणि मुदत संपल्यावर खरंच कळवा. लागलं असेल तरी. मावशीच्या ग्रुपवर ६ जुलैच्या सकाळी मी पानाचा फोटो टाकला तेव्हा तिने फक्त चहाच्या कपाचं चित्र पाठवलं. ३० जुलैनंतर मात्र तिने स्वतःच विचारलं, "अरे, त्या पानावर जागा कुठली लिहिली होतीस?"